ही ओळ कशाला?

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी पूर्ण झालेलं जर्नल त्याच्याकडे कायमचं मुक्कामाला असे. मुलं त्यातली पानं झेरॉक्स करून न्यायची, रात्रभर बसून राइट-अप उतरवून काढायची आणि सकाळी माझ्यापुढे सहीसाठी रांग लावायची. कॉपी आहे हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक. एका वर्षी लिंक्ड लिस्टच्या प्रोग्रॅममध्ये पॉइंटरचं, म्हणजे पुढची माहिती कुठे आहे तो पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं, नाव होतं 'पिंकी'. वर्गातल्या निम्म्याहून जास्त जर्नलांत ही पिंकी पुढच्या नोडकडे बोट दाखवत उभी होती. ती कोण, हे मूळ लेखकालाच माहीत. तो तोवर पास होऊन हिंजवडीला लागलाही होता.

त्यामुळे चॅटजीपीटीने मुलांना कॉपी करायला शिकवलं, असं कुणी गंभीर चेहऱ्याने म्हणालं की मला हसू येतं. मुलांना ते आधीपासून उत्तम येत होतं. फरक पडला तो इतकाच की पिंकी गेली. आता वर्गातल्या प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा असतो आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. व्हेरिएबलची नावं नीटनेटकी, प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंट, फाइल उघडली नाही तर काय करायचं याचीही सोय. माझ्याशी बोलताना इंग्रजी वाक्य अर्ध्यावर सोडून देणारा मुलगा कॉमेंटमध्ये मात्र 'ग्रेसफुली हँडल' असले शब्द सहज टाकून जातो. मी वाचते आणि मान वर करून त्याच्याकडे बघते. तो खिडकीबाहेर बघत असतो.

नाशिकजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटरला शिकवते. निफाड, कळवण, सिन्नर, येवला इथली मुलं. बरीचशी मराठी माध्यमातून आलेली. हे वादळ आमच्यापर्यंत पोचायच्या आधी ते कुठे घोंघावत होतं हे आता मागे वळून पाहिलं की कळतं. प्रोग्रॅम लिहायला मदत करणारा गिटहब कोपायलट २०२१ च्या मध्यावर आला. त्यामागचं ओपनएआयचं कोडेक्स हे मॉडेल घेऊन न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या काही प्राध्यापकांनी त्याला आपल्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेला बसवलं. ७१ मुलांच्या यादीत त्याचा नंबर १७ वा लागला असता. हा पेपर २०२२ च्या सुरुवातीचा, म्हणजे चॅटजीपीटी यायच्या कितीतरी आधीचा. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि आठवड्याच्या आत स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने त्याची उत्तरं आपल्याकडे टाकायला बंदी केली. कारण साधं होतं: उत्तरं दिसायला छान, त्यातली बरीच चूक, आणि ती तपासणारी माणसं मूठभर.

त्या कारणातलं शेवटचं वाक्य मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा मी ते वाचून पुढे गेले होते.

सेकंड इयरच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला डायक्स्ट्रा असतो: एका गावापासून बाकी सगळ्या गावांची कमीत कमी अंतरं काढायची. वर्गात मी साधी पद्धत शिकवते. अजून न घेतलेल्या गावांतलं सगळ्यांत जवळचं गाव शोधायचं, त्याच्या शेजाऱ्यांची अंतरं सुधारायची, की परत शोधायचं. मुलं जे घेऊन येतात त्यात मात्र मी तोवर शिकवलेलीच नसलेली प्रायॉरिटी क्यू असते, म्हणजे सगळ्यांत जवळचं गाव आपणहून पुढे काढून देणारी रांग, आणि तिच्यासोबत एक ओळ: क्यूतून निघालेलं अंतर आपल्या तक्त्यातल्या अंतरापेक्षा मोठं असेल, तर ते सोडून दे आणि पुढे जा. कारण एकच गाव क्यूत दोन-तीनदा शिरू शकतं. आधी लांबच्या रस्त्याने, मग जवळचा सापडला की त्या रस्त्याने. जुनी नोंद क्यूत तशीच पडून राहते.

गेल्या सत्रात एका मुलीला मी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही काढून टाकली तर काय होईल गं?"

"उत्तर चुकेल, मॅडम."

"काढ आणि चालव."

तिने ओळीपुढे कॉमेंटची खूण टाकली आणि प्रोग्रॅम चालवला. उत्तर तेच. शेजारच्या पीसीवरचा मुलगा झुकून बघायला लागला. त्याने आपला मोठा ग्राफ दिला. तरी उत्तर तेच. तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जराशी चिडूनच म्हणाली, "मग ही ओळ आहे कशाला?"

इथून पुढे जे झालं त्याला मी शिकणं म्हणते. लांबच्या रस्त्याने आलेली जुनी नोंद कुणाचंच अंतर कमी करू शकत नाही, कारण जवळच्या रस्त्याने शेजाऱ्यांची अंतरं आधीच सुधारून झालेली असतात. ओळ काढली तर तेच शेजारी पुन्हा तपासले जातात; काम वाढतं, उत्तर बदलत नाही. हे मी सांगितलं नाही. तिने आतल्या लूपमध्ये एक काउंटर घातला, ओळ ठेवून आकडा घेतला, काढून घेतला, दोन्ही आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहिले, आणि मग तिला दिसलं. शेजारच्याला तिनेच समजावलं. तिच्या समजावण्यात दोन वाक्यं अडखळली, पण ती तिची होती.

आता हिशेब. एका बॅचमध्ये वीस मुलं, प्रॅक्टिकल दोन तासांचं. प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात, आणि त्यातच हजेरी, बंद पडलेले पीसी आणि जर्नलवरच्या सह्या. त्या मुलीपाशी माझी वीसेक मिनिटं गेली. बाकीच्यांना उरलेल्या वेळात जेमतेम एकेक प्रश्न मिळाला, काहींना तोही नाही.

सगळी गोम या सहा मिनिटांत आहे असं माझं मत झालंय. प्रोग्रॅम लिहिता आला म्हणजे समजला, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो. ते पुरतं खरं नव्हतंच, पण कामचलाऊ खरं होतं. लिहायलाच इतका घाम गाळावा लागायचा की लिहिता लिहिता थोडंफार डोक्यात शिरायचंच. पिंकीचं जर्नल हाताने उतरवून काढणाऱ्याच्याही बोटांखालून निदान पॉइंटर एकदा गेलेला असायचा. आता लिहून घेणं फुकट झालंय. समजलंय की नाही हे तपासणं मात्र होतं तितकंच महाग राहिलंय. त्याला अजूनही समोरासमोर बसलेली दोन माणसं आणि वेळ लागतो.

गंमत अशी की ते तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे होती. ओरल! अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांना आता तोंडी परीक्षेचा नव्याने शोध लागतोय, निळ्या मुखपृष्ठाच्या उत्तरपत्रिका आणि पेन पुन्हा बाहेर निघालेत. आमच्याकडे विद्यापीठाच्या परीक्षेत सीचे प्रोग्रॅम कागदावर पेनने लिहायची पद्धत कधी बंदच झाली नाही. त्यावरून आमची भरपूर चेष्टा झाली आहे आणि ती रास्तच होती: सेमीकोलन विसरला म्हणून अर्धा मार्क कापणारे परीक्षक मी पाहिलेत. पण ओरल ही चांगली गोष्ट होती आणि तिची आपण वाट लावली. एक्स्टर्नल सर येणार, पोहे-चहा होणार, त्यांना साडेतीनची गाडी गाठायची असणार, म्हणून चार-चार मुलांना एकदम आत बोलवायचं. "स्टॅक आणि क्यूमध्ये फरक सांगा." चौघांपैकी एकाने सांगितला की चौघांना मार्क. एक्स्टर्नल बिचारे काय करणार? एका दिवसात अख्खा वर्ग संपवायचा आणि मानधन इतकं की त्यावर बोलू नये.

हार्वर्डमध्ये सीएस५० नावाचा प्रसिद्ध कोर्स आहे. डेव्हिड मेलन तो शिकवतात. तिथे २०२३ पासून मुलांना एक बदक दिलंय, म्हणजे बदकाच्या रूपातला चॅटबॉट. आपला अडलेला प्रोग्रॅम टेबलावरच्या रबरी बदकाला ओळीओळीने समजावून सांगायचा, सांगता सांगता चूक आपल्यालाच सापडते, ही प्रोग्रॅमरांची जुनी युक्ती. त्यावरून हे नाव. हे बदक सरळ उत्तर देत नाही, प्रश्न विचारत वाटेला लावतं. कल्पना झकास आहे. अडचण अशी की शेजारच्याच टॅबमध्ये उत्तर देणारा दुसरा बॉट उघडा असतो आणि सबमिशन उद्या असतं.

यंत्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी नुसतीच जुन्या काळाच्या नावाने उसासे टाकणारी बाई ठरेन. कळवणकडचा एक मुलगा माझ्या वर्गात कधीही हात वर करत नाही. चुकीचं इंग्रजी बोललो तर मागची बाकं हसतील या भीतीने तो पहिलं वर्षभर गप्पच होता. तो रात्री मोबाइलवर मराठीत विचारतो: पॉइंटर म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांग. अजून सोपं सांग. परत सांग. त्याला घर आणि घराचा पत्ता असं उदाहरण मिळालं. (तेच उदाहरण मी दरवर्षी देते. माझ्याकडून ऐकताना तो बहुधा इंग्रजी शब्द मोजण्यात गुंतलेला असायचा.) एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला मुभा दिली, त्यात मराठीही होती, पण ते लोण मोजक्याच ठिकाणी पोचलं. या मुलापर्यंत मराठीतून कॉम्प्युटर सायन्स पोचलं ते चॅटबॉटमार्फत. एकाच गोष्टीचं दहाव्यांदा स्पष्टीकरण देताना न वैतागणारा शिक्षक त्याला पहिल्यांदा मिळाला. हे मी नाकारणार नाही, आणि माझ्या काही सहकाऱ्यांनीही नाकारू नये.

फक्त, "समजलं" असं वाटणं आणि समजणं यातलं अंतर या यंत्रामुळे फार फसवं झालंय, आणि ते फक्त मुलांचंच नाही. २०२५ मध्ये मेटर या अमेरिकी संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रॅमर घेतले, त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं परिचयाच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं घेतली, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं की कोणत्या कामाला एआय वापरायचं आणि कोणत्याला नाही. एआय वापरल्यावर काम १९ टक्के जास्त वेळ खात होतं. काम संपल्यावर त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही साधारण २० टक्के लवकर उरकलं. हा १६ माणसांचा प्रयोग आहे, त्यावर फार मोठा इमला रचायचं कारण नाही. नवशिक्यांचा आणि नव्या साधनांचा हिशेब वेगळा येऊ शकतो. मला त्यातला वेगाचा आकडा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मुरलेल्या माणसालाही आपलं काय चाललंय याचा अंदाज येत नाही, हे मात्र मी वर्गात आवर्जून सांगते. मुलं मान डोलावतात. त्यांनाही समजलेलं असतं.

लिहिणं स्वस्त आणि तपासणं महाग, हेच चित्र संशोधनात मोठ्या पडद्यावर दिसतं. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार बारावीची मुलंही करतात. २×२ च्या मॅट्रिक्सला साध्या पद्धतीने आठ गुणाकार लागतात. १९६९ मध्ये फोल्कर स्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की सातात भागतं. तीच युक्ती दोनदा वापरली की ४×४ ला ६४ ऐवजी ४९ लागतात. २०२५ च्या मे महिन्यात गूगल डीपमाइंडच्या अल्फाइव्हॉल्व्ह या एआय यंत्रणेने कॉम्प्लेक्स संख्यांच्या ४×४ मॅट्रिक्ससाठी ४८ ची रीत काढली. एकाच गुणाकाराची बचत, पण छप्पन्न वर्षांनी. मी ही बातमी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली तेव्हा गणिताचे सर म्हणाले, "पण हे खरं कशावरून?" प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर सोपं आहे: कंस सोडवून बघा. ४८ गुणाकार मांडा, ठरलेल्या बेरजा-वजाबाक्या करा, सोळाच्या सोळा जागी हवं तेच येतंय का पाहा. संगणक ते क्षणात करतो.

अल्फाइव्हॉल्व्हचं इंगित तिथेच आहे. आत चॅटबॉटमध्ये असतं तसं एक भाषा-मॉडेल आहे, ते प्रोग्रॅममध्ये धडाधड बदल सुचवत राहतं. त्यातले बहुतेक टाकाऊ. पण त्याच्या डोक्यावर न थकणारा, न चुकणारा, फुकटचा परीक्षक बसलेला आहे. तो प्रत्येक सूचना चालवून मार्क देतो, नापासांना हाकलतो आणि पासांना पुढच्या फेरीत पाठवतो. असा परीक्षक जिथे बसवता येतो तिथे हे यंत्र खरोखर चमत्कार करून दाखवतं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि आनंदच आहे.

जिथे परीक्षक म्हणजे माणूसच आहे, तिथे काय झालं? न्यूरिप्स ही एआय-संशोधनाची परिषद म्हणजे आमच्या क्षेत्रातली पंढरी. २०१७ मध्ये तिथे ३,२४० पेपर आले होते. भाषा-मॉडेलांचा पाया घालणारा ट्रान्सफॉर्मरचा पेपर त्याच वर्षीचा. त्याच्या आठ लेखकांत निकी परमार होत्या, पुण्याच्या पीआयसीटीच्या विद्यार्थिनी. आमच्या कॉलेजातल्या मुलींना हे सांगितलं की त्या ताठ बसतात. २०२५ मध्ये त्याच परिषदेला २१,५७५ पेपर आले. ही सगळी वाढ चॅटबॉटची नव्हे. क्षेत्रच फुगलंय, पैसा आलाय, नोकऱ्या पेपरांवर मिळतात. पण प्रत्येक पेपर तीन-चार जाणकारांनी वाचायचा असतो आणि जाणकार काही त्या वेगाने वाढत नाहीत. मग तेही चॅटबॉटकडे वळले. स्टॅनफर्डमधल्या काही संशोधकांनी २०२३-२४ मधल्या काही मोठ्या परिषदांचे अभिप्राय तपासले आणि अंदाज काढला की त्यातला ६.५ ते १६.९ टक्के मजकूर यंत्राने बराचसा लिहिलेला किंवा बदललेला असावा. ठरावीक विशेषणांचं पीक अचानक वाढल्यामुळे चोरी उघडकीला आली. माझ्या जर्नलांतलं 'ग्रेसफुली' तिथेही वेगळ्या रूपात पोचलं होतं तर.

याच्या पुढचा अंक तर लोकनाट्यात शोभावा असा. २०२५ च्या जुलैत निक्केई या जपानी वृत्तपत्राने अर्काइव्हवरचे, म्हणजे तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच पेपर टाकता येतात त्या साइटवरचे, १७ पेपर शोधून काढले. १४ वेगवेगळ्या संस्थांमधून आलेले. त्यात पांढऱ्या कागदावर पांढऱ्या किंवा अगदी बारीक अक्षरांत, माणसाला दिसू नये पण परीक्षकाच्या चॅटबॉटने वाचावी अशी सूचना लपवली होती: फक्त चांगलाच अभिप्राय द्या. म्हणजे लेखकाने गृहीत धरलं की परीक्षक वाचणारच नाही. आणि पकडल्या गेलेल्यांपैकी काहींचं समर्थन असं की आळशी परीक्षकांना पकडण्यासाठीच आम्ही हा सापळा लावला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर अर्काइव्हने कॉम्प्युटर सायन्स विभागापुरतं जाहीर केलं की सर्वेक्षणपर आणि मतप्रदर्शनाचे लेख आधी कुठे तरी तज्ज्ञांकडून तपासून आल्याशिवाय घेणार नाही. इतके यायला लागले होते.

मीही लहानसहान परिषदांसाठी पेपर तपासते. पूर्वी वाईट पेपर दोन मिनिटांत ओळखू यायचा: भाषा मोडकी, आकृत्या पुसट, आलेखाला अक्षांची नावं नाहीत. आता भाषा गुळगुळीत असते, त्यामुळे आत काही नाही हे कळायला पाऊण तास लागतो. एकदा संदर्भसूचीतला एक पेपर विषयाला इतका चपखल वाटला की मला स्वतःलाच तो वाचायचा होता. शोधला. लेखक खरे, परिषद खरी, वर्ष बरोबर. फक्त तो पेपर कुणी लिहिलेलाच नव्हता. लेखकांना कळवलं, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त सूची आली आणि सोबत दिलगिरीचं अतिशय सुरेख इंग्रजी पत्र.

याच्या उलट टोकाचं काम पुण्यातच झालंय आणि त्याचा बोलबाला फार कमी आहे. एल थ्री क्यूब नावाच्या गटाने, त्यात पदवीची मुलं बरीच, २०२१ मध्ये मराठी ट्वीटचा एक संच तयार केला. जवळपास १६,००० ट्वीट. त्यातलं प्रत्येक चांगल्या भावनेचं, वाईट की मधलं, हे माणसांनी वाचून ठरवलेलं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. करून बघा. "वा, यंदाही रस्ते मस्तच झालेत!" हे ट्वीट कुठल्या खणात टाकायचं? उपरोध आहे हे मराठी माणसाला कळतं, पण तो दरवेळी कळतो का, आणि दोघांना सारखाच कळतो का? माझ्या दोन प्रोजेक्ट ग्रुपना मी असंच छोटं काम दिलं: नाशिक परिसरातल्या बोलीतल्या वाक्यांचं. पहिल्याच आठवड्यात येवल्याचा आणि पेठचा अशा दोघांत एका वाक्यावरून भांडण झालं. एकाच्या मते ते कौतुक होतं, दुसऱ्याच्या मते शिवी. चॅटबॉटला विचारलं तर त्याने दोघांनाही ज्याचं त्याचं बरोबर म्हणून सांगितलं. मग दोघं त्या वाक्याची मूळ धनीण असलेल्या आजींना फोन लावून बसले. संशोधन चालू झालं म्हणायला हरकत नाही.

या सत्रापासून मी जर्नलचे मार्क कमी करून ओरलचे वाढवलेत, नियमात बसतं तेवढे. प्रोग्रॅम कुठूनही आणा, मी विचारणार नाही. समोर बसल्यावर मी त्यातली एक ओळ काढणार किंवा बदलणार, आणि काय होईल ते चालवायच्या आधी तुम्ही सांगायचं. मुलांनी यावरही उपाय काढला आहेच: आदल्या रात्री ती बॉटलाच विचारतात की मॅडम कुठली ओळ काढतील. मला हे भलतंच आवडलंय, कारण त्यासाठी त्यांना सगळ्या ओळी वाचाव्या लागतात. वीसऐवजी दहाची बॅच करा, असा अर्जही विभागातून गेला होता. तो परत आला. शिक्षक वाढवता येत नाहीत आणि लॅबचं वेळापत्रक बसत नाही.

त्याऐवजी एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला पाठवला गेला. त्यांचा बॉट साठ मुलांची ओरल एकाच वेळी घेतो, मराठीतही घेतो, मार्क थेट एक्सेलमध्ये भरतो. दाखवलं ते वाईट नव्हतं. प्रश्न आमच्या एक्स्टर्नलांपेक्षा बरे होते. मी विचारलं, "समोर बसलेल्या मुलाने कानात दुसरा बॉट लावला असेल तर?"

"त्यासाठी प्रॉक्टरिंगचं, म्हणजे मुलांवर नजर ठेवायचं, वेगळं मॉड्यूल आहे, मॅडम," तो म्हणाला. "तेही एआयवरच चालतं."

कोटेशन सध्या विभागप्रमुखांच्या टेबलावर आहे.